आर्म६४ वर बिल्ड होतो आणि रोबोटकडे फुटतो: कर्नल पॅच पाठवायच्या आधी काय आणि किती कंपाइल करून बघायचं

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही एका आर्म६४ (६४ बिट आर्म) बोर्डवरच्या एडीसीच्या (व्होल्टेज मोजून आकड्यात देणारी चिप) लिनक्स ड्रायव्हरमध्ये एचडब्ल्यूमॉनचा (व्होल्टेज, तापमान अशी रीडिंग दाखवणारा कर्नलचा भाग) सपोर्ट घातला, केकॉन्फिगमधल्या (कर्नलचे ऑप्शन जिथे लिहितात ती फाइल) डिपेंड्स ऑनच्या, म्हणजे ऑप्शन कशावर अवलंबून आहे त्या, ओळीत कंपाइल_टेस्ट पण जोडलं, बोर्डवर चालवून बघितलं, सगळं नीट चाललं म्हणून पॅच पाठवला. आणि मग इंटेलच्या कर्नल टेस्ट रोबोटचे (पाठवलेले पॅच आपोआप बिल्ड करून बघणारी यंत्रणा) तीन मेल आले. एक्सटेन्सावर (एक वेगळंच प्रोसेसर आर्किटेक्चर) फील्ड_गेट सापडत नाही, आय३८६ (३२ बिट एक्स८६) वर __यूडिव्हडीआय३ अनडिफाइन्ड, आणि एक्स८६ च्या कुठल्या तरी रँडकॉन्फिगमध्ये (ऑप्शन रँडम निवडलेला कॉन्फिग) एचडब्ल्यूमॉन रजिस्टर करायच्या फंक्शनला अनडिफाइन्ड रेफरन्स. तुमचं म्हणणं असं की ही चिप एक्सटेन्सावर कधीच बसणार नाही, मग ही माझी जबाबदारी कशी, आणि असेल तर अजून किती आर्किटेक्चर आणि किती कॉन्फिग तपासायचे, कारण ८ जीबीच्या लॅपटॉपवर ऑलमॉडकॉन्फिग (जमेल ते सगळं मॉड्यूल म्हणून चालू असलेला कॉन्फिग) रात्रभर चालतो आणि मधेच किल्ड म्हणून थांबतो.

तिन्ही एरर तुमच्या पॅचचेच आहेत आणि तिन्ही खरे आहेत. पण यावर उपाय म्हणून सगळं सगळीकडे कंपाइल करत बसायची गरज नाही, ते कुणालाच शक्य नाही. कर्नलमध्ये कॉन्फिगचे ऑप्शन दहा हजारांच्या वर आहेत, आर्किटेक्चर वीसच्या आसपास, वर जीसीसी आणि क्लँग या कंपायलरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, त्यामुळे 'कर्नल बिल्ड होतो' या वाक्याला तसा काही अर्थच नाही, कुठल्या कॉन्फिगने, कुठल्या आर्किटेक्चरवर, कुठल्या कंपायलरने ते सांगितलं तरच अर्थ लागतो. तुम्ही एक कॉन्फिग तपासलात आणि तो पास झाला, एवढंच आत्तापर्यंत सिद्ध झालंय. खरा प्रश्न किती तपासायचं हा नाहीच, माझ्या बदलामुळे नेमक्या कुठल्या कॉन्फिगमध्ये काय फुटू शकतं हे आधी ओळखायचं कसं, हा आहे. ते एकदा जमलं की तीन-चार छोटे बिल्ड पुरतात आणि ते ८ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात होतात.

आधी कंपाइल_टेस्टबद्दल, कारण तुमच्याकडे सगळं तिथूनच सुरू झालंय. हा ऑप्शन २०१३ मध्ये कर्नल ३.११ मध्ये आला. त्याआधी एखादा ड्रायव्हर फक्त एका एसओसीसाठी (प्रोसेसर आणि बाकीचे भाग एकत्र असलेली चिप) असला की तो त्या एसओसीच्या कॉन्फिगशिवाय कंपाइलच होत नसे, मग कुणी एखाद्या कॉमन एपीआयचं नाव बदललं किंवा आर्ग्युमेंट वाढवलं की ते कोपऱ्यातले ड्रायव्हर मोडायचे आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसायचा. कंपाइल_टेस्टचा अर्थ असा की हा ड्रायव्हर इथे चालणार नाही हे माहीत आहे, पण कंपाइल मात्र झाला पाहिजे. म्हणजे ती दोन शब्दांची भर घालून तुम्ही स्वतःच जगाला सांगितलंत की माझा कोड कुठेही कंपाइल होतो. तशी भर घालणं चांगलंच आहे, मी रिव्ह्यू करताना लोकांना ती घालायला सांगतो, कारण मग ट्रीभर, म्हणजे कर्नलच्या आख्ख्या सोर्समध्ये, बदल करणाऱ्या माणसाला एका एक्स८६ मशीनवर तुमचा ड्रायव्हरही कंपाइल करून बघता येतो, आणि स्टॅटिक अ‍ॅनालिसिसची टूल्सपण तुमच्या फाइलपर्यंत पोचतात. पण ते एक आश्वासन आहे आणि ते पाठवायच्या आधी तपासायला हवं. (यात एक सोय झालेली आहे, हल्ली कंपाइल_टेस्ट हा ऑप्शन हॅज_आयओमेमवर अवलंबून आहे, त्यामुळे मेमरी-मॅप्ड आयओ नसलेल्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे पीसीआय बंद असलेला एस३९० (आयबीएमचे मेनफ्रेम) वगैरे, आयओरीमॅप हे फंक्शन सापडत नाही म्हणून जे ढीगभर एरर यायचे ते आता या वाटेने येत नाहीत.)

आता तुमचे तीन एरर. हे तिन्ही वेगवेगळ्या टप्प्यावरचे आहेत म्हणून उदाहरण म्हणून फार चांगले आहेत. कर्नलचा बिल्ड कुठे फुटला हे बघताना मी पहिल्यांदा हेच ठरवतो की हा केकॉन्फिगचा प्रश्न आहे, कंपायलरचा आहे, लिंकरचा (ऑब्जेक्ट फाइल एकत्र जोडणारा) आहे की मॉडपोस्टचा (मॉड्यूलला लागणारी नावं कर्नलमध्ये आहेत का ते तपासणारा टप्पा), कारण त्यावरून अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पहिला, एक्सटेन्सावरचा, 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन फील्ड_गेट'. हा शुद्ध कंपायलरचा एरर. फील्ड_गेट आणि फील्ड_प्रेप हे मॅक्रो लिनक्स/बिटफील्ड डॉट एच मध्ये आहेत आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये ती हेडर इन्क्लूड केलेलीच नाही. मग आर्म६४ वर चाललं कसं? कारण आर्म६४ ची स्वतःची एएसएम/सिसरेग डॉट एच ही हेडर बिटफील्ड डॉट एच ओढून आणते, आणि सिसरेग कुठल्या ना कुठल्या वाटेने जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये येतेच. तुम्हाला ती फुकट मिळत होती, एक्सटेन्सावर ती वाट नाही. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे, व्हीमॅलॉकच्या हेडरचंही वर्षानुवर्षं असंच चालायचं, एका आर्किटेक्चरची आयओ हेडर ती आत ओढायची आणि दुसऱ्याची नाही. यावर नियम एकच, जे नाव तुमच्या सी फाइलमध्ये वापरलंय त्याची हेडर त्याच फाइलमध्ये वर लिहायची, कुणाच्या तरी मागून ती येतेय यावर विसंबायचं नाही. कुठून येतेय हे बघायचं असेल तर मेकला (बिल्ड चालवणारी कमांड) डॉट ओ ऐवजी त्याच फाइलचं डॉट आय मागा, प्रीप्रोसेस झालेली आख्खी फाइल मिळते, त्यात त्या मॅक्रोची हेडर शोधा आणि वरच्या ओळी बघत गेलात की साखळी दिसते.

दुसरा, आय३८६ वरचा __यूडिव्हडीआय३. हा मॉडपोस्टने दिलाय, म्हणजे कंपायलरला काही तक्रार नव्हती, ऑब्जेक्ट फाइल नीट तयार झाली, पण मॉड्यूल बनवताना हे सिंबॉल कर्नलमध्ये कुठेच नाही असं लक्षात आलं. तुम्ही हे नाव कोडमध्ये कुठे लिहिलेलं नाही म्हणून तुम्ही गोंधळलात, ते साहजिक आहे. ते कंपायलरने घातलंय. ३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटच्या संख्येला भागायची एक इन्स्ट्रक्शन सोयीची नसते, म्हणून जीसीसी त्याच्या लिबजीसीसी या लायब्ररीतल्या मदतीच्या फंक्शनला कॉल टाकतो, युजरस्पेसमध्ये ते आपोआप लिंक होतं आणि कळतही नाही, पण आय३८६ चा कर्नल लिबजीसीसी लिंक करत नाही. ३२ बिट आर्मवर हाच एरर __एईएबीआय_यूएलडिव्हमॉड या नावाने येतो, दोन्ही नावं लक्षात ठेवा, दिसली की दुसरीकडे शोधायची गरज नाही, कुठे तरी यू६४ (६४ बिटची संख्या) च्या पुढे भागाकाराचं किंवा मॉड्युलोचं चिन्ह आहे.

तुमच्या पॅचमध्ये ते कुठे आहे तेही दिसतंय. रॉ रीडिंग १६ बिटचं, रेफरन्स व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, समजा २.५ व्होल्ट म्हणजे २५,००,०००, तर ६५,५३५ गुणिले २५,००,००० हे साधारण १.६ गुणिले १० चा ११ वा घात होतं आणि ३२ बिटमध्ये साधारण ४२९ कोटींपर्यंतच बसतं, त्यामुळे यू६४ घेणं बरोबरच आहे, ते काढू नका. पुढे तुम्ही त्याला चिपच्या टेबलमधून आलेल्या गेनने भागताय, तो गेन व्हेरिएबल आहे म्हणून कॉल पडला. दोनच्या घाताच्या कॉन्स्टंटने भागलं असतं तर कंपायलरने शिफ्ट केला असता आणि एरर दिसलाच नसता, म्हणून कधी कधी एक भागाकार चालतो आणि त्याच्या खालचा फुटतो. तिथे डिव्ह_यू६४ वापरा, लिनक्स/मॅथ६४ डॉट एच मध्ये आहे, पहिलं आर्ग्युमेंट ६४ बिट, दुसरं ३२ बिट, उत्तर रिटर्न होतं. साइन्ड असेल तर डिव्ह_एस६४. जुन्या ड्रायव्हरमध्ये डू_डिव्ह दिसेल, त्याचं वागणं वेगळं आहे, तो मॅक्रो पहिल्या आर्ग्युमेंटमध्येच भागाकार भरून ठेवतो आणि रिटर्न करतो ती बाकी, त्यामुळे नेहमीच्या फंक्शनसारखा वापरला तर कंपाइल होतं आणि व्होल्टेज चुकीचं येतं. नवीन कोडमध्ये डिव्ह_यू६४ च बरं.

तिसरा सगळ्यात शिकण्यासारखा. अनडिफाइन्ड रेफरन्स, आणि तो व्हीएमलिनक्स (कर्नलची मुख्य इमेज) लिंक होताना आलाय, मॉडपोस्टमध्ये नाही. याचा अर्थ तुमचा ड्रायव्हर त्या रँडकॉन्फिगमध्ये बिल्ट-इन होता, आणि तो ज्याला कॉल करतोय तो एचडब्ल्यूमॉन मॉड्यूल होता. कर्नलची इमेज लिंक होताना मॉड्यूलमधलं फंक्शन तिथे नसतंच, ते नंतर लोड होणार, मग लिंकर काय करणार. तुम्ही कोडमध्ये इफच्या आत इज_एनेबल्ड लावलंय आणि तुम्हाला वाटलं की काम झालं, पण इज_एनेबल्ड हे ऑप्शन वाय (बिल्ट-इन) असला तरी खरं आणि एम (मॉड्यूल) असला तरी खरं. एन (बंद) असेल तेव्हा मात्र कंपायलर तो आख्खा भाग काढून टाकतो, त्यामुळे ती केस तुमची बरोबर आहे. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरच्या वाय-एम आणि एचडब्ल्यूमॉनच्या वाय-एम-एन अशा सहा जोड्यांपैकी फक्त एकच फुटते, ड्रायव्हर वाय आणि एचडब्ल्यूमॉन एम. डिस्ट्रोच्या (उबुंटू वगैरे) कॉन्फिगमध्ये ती जोडी सहसा येत नाही, डेफकॉन्फिगमध्ये (कर्नलसोबतच येणारा तयार कॉन्फिग) येत नाही, ऑलमॉडकॉन्फिगमध्ये दोन्ही एम, ऑलयेसकॉन्फिगमध्ये दोन्ही वाय. रँडकॉन्फिगच ती शोधून काढतो, आणि म्हणूनच 'हा काहीतरी विचित्र रँडम कॉन्फिग आहे, असा कोण वापरतो' असं म्हणून तो मेल बाजूला टाकायचा नसतो. एखाद्या प्रॉडक्टवाल्याने बूट लवकर व्हावं म्हणून एडीसी बिल्ट-इन केला की ती जोडी खरोखर तयार होते.

उपाय केकॉन्फिगमध्ये आहे. तुमच्या ऑप्शनखाली 'डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन || एचडब्ल्यूमॉन=एन' अशी ओळ घाला. वाचायला विचित्र वाटते पण केकॉन्फिगच्या तीन किमतींच्या हिशोबात ती चोख बसते, एचडब्ल्यूमॉन वाय असेल किंवा एन असेल तर ओळीची किंमत वाय आणि काही बंधन नाही, पण तो एम असेल तर ओळीची किंमत एम होते आणि तुमचा ड्रायव्हर एमच्या वर जाऊच शकत नाही. दुसरा रस्ता म्हणजे कोडमध्ये इज_एनेबल्डच्या जागी इज_रीचेबल (तिथून खरंच कॉल करता येत असेल तरच खरं) लावायचं, त्याने एरर जातो, पण मग तशा कॉन्फिगमध्ये एचडब्ल्यूमॉन सपोर्ट चुपचाप गायब होतो आणि वापरणारा माणूस दोन्ही ऑप्शन चालू असून सेन्सर का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतो. म्हणून माझं मत डिपेंड्सच्या बाजूने आहे. सिलेक्ट एचडब्ल्यूमॉन करून मोकळं व्हायचा मोह होईल, ते करू नका, सिलेक्ट समोरच्या ऑप्शनची डिपेंडन्सी बघतच नाही, जबरदस्तीने चालू करतो, आणि मग 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज डिटेक्टेड' अशी वॉर्निंग येऊन पुढे भलतीकडेच बिल्ड मोडतो. सिलेक्ट ज्याला स्वतःची डिपेंडन्सी नाही अशा लायब्ररीसारख्या ऑप्शनसाठी ठीक.

आता किती तपासायचं ते. हे बदलावर अवलंबून आहे आणि त्यात प्रामाणिकपणे फरक करायला हवा. एका फंक्शनमधला लॉजिकचा बग असेल, नवीन हेडर नाही, नवीन टाइप नाही, केकॉन्फिगला हात नाही, तर तुमच्या आर्किटेक्चरवर वाय आणि एम आणि डब्ल्यू=१ (जास्तीच्या वॉर्निंग दाखवणारा ऑप्शन) लावून एकदा, बास. ड्रायव्हर नवीन असेल किंवा कंपाइल_टेस्ट जोडत असाल तर निदान एक ३२ बिट आणि एक वेगळं ६४ बिट आर्किटेक्चर पाहिजेच. आणि इन्क्लूड/लिनक्स मधली हेडर बदलत असाल, तर तिथे खरंच ऑलमॉडकॉन्फिग आणि चार-पाच आर्किटेक्चर लागतात, त्याला मोठं मशीन हवं, नसेल तर पॅच कुणाकडून तरी बिल्ड करून घ्या पण न बघता पाठवू नका.

तुमच्यासारख्या ड्रायव्हरच्या बदलासाठी मी जे करतो ते सांगतो. एक छोटी फाइल बनवून ठेवायची, तिच्यात फक्त तुमच्या ड्रायव्हरला लागणारे ऑप्शन, म्हणजे मॉड्यूल्स, ओएफ (डिव्हाइस ट्री), आयआयओ (एडीसीसारख्या चिपच्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग), एचडब्ल्यूमॉन, कंपाइल_टेस्ट आणि तुमचा स्वतःचा. मग केकॉन्फिग_ऑलकॉन्फिग या व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचं नाव देऊन मेक ऑलनोकॉन्फिग चालवायचं. बाकी सगळं बंद, तुमचं तेवढं चालू, असा अगदी बारका कर्नल मिळतो, जो साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत पूर्ण लिंक होतो. त्या फाइलमध्ये वाय-एम बदलत गेलात की वर म्हटलेल्या सहाच्या सहा जोड्या बघून होतात. फक्त मेक आणि डिरेक्टरीचं नाव देऊन ड्रायव्हर्स/आयआयओ/एडीसी एवढंच कंपाइल करणं फार झटपट होतं आणि ते रोज कामाला येतं, पण त्यात लिंकिंग होत नाही, त्यामुळे तुमचा तिसरा एरर त्यात कधीच दिसला नसता. म्हणून दोन्ही लागतात.

इथे एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. कॉन्फिग बनवल्यावर डॉट कॉन्फिग उघडून तुमचा ऑप्शन त्यात खरंच आहे का ते ग्रेप करून बघा. कुठली तरी डिपेंडन्सी राहिली असेल तर केकॉन्फिग तुमचा ऑप्शन काही न बोलता काढून टाकतो, बिल्ड एकदम स्वच्छ पास होतो, आणि तुमची फाइल त्यात कंपाइलच झालेली नसते. बिल्ड झाल्यावर तुमची डॉट ओ फाइल तयार झालीय का ते बघायला दोन सेकंद लागतात. 'मी सगळीकडे बिल्ड करून बघितलं होतं' म्हणणाऱ्या बऱ्याच पॅचमध्ये हेच झालेलं असतं.

३२ बिटसाठी क्रॉस कंपायलर शोधत बसायची गरज नाही. एक्स८६ च्या लॅपटॉपवर मेकला आर्क=आय३८६ सांगितलं की त्याच जीसीसीने ३२ बिटचा कर्नल होतो, कर्नलला सी लायब्ररी लागत नाही त्यामुळे ३२ बिटची पॅकेजेस टाकायची भानगड नसते. तुमचा दुसरा एरर एवढ्या एका कमांडने घरीच दिसला असता. पहिला दिसण्यासाठी आर्म६४ सोडून दुसरं काहीतरी हवं, क्लँग असेल तर एलएलव्हीएम=१ आणि आर्कचं नाव एवढ्यावर एकच कंपायलर बऱ्याच आर्किटेक्चरला चालतो, आणि एक्सटेन्सा, एम६८के वगैरेंसाठी जीसीसीच हवा असेल तर आर्न्ड बर्गमन यांनी बनवलेले तयार क्रॉस कंपायलर कर्नल डॉट ऑर्गवरच ठेवलेले आहेत, उतरवून उलगडले की चालतात. प्रत्येक आर्किटेक्चरला ओ= देऊन वेगळी आउटपुट डिरेक्टरी ठेवा, म्हणजे सोर्स ट्री घाण होत नाही आणि पुढच्या वेळी बदललं तेवढंच कंपाइल होतं.

तुमच्या लॅपटॉपचा किल्ड. तो कर्नलचा एरर नाही, मेमरी संपली म्हणून सिस्टिमने सीसी१ ला (जीसीसीचा प्रत्यक्ष कंपाइल करणारा प्रोग्रॅम) मारलंय, लॉगमध्ये 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१' असं असेल. जे१६ लावून १६ कंपायलर एकदम सोडलेत तर ८ जीबीला ते झेपत नाही, जे४ वर आणा. डिस्ट्रोचा कॉन्फिग उचलून वापरत असाल तर त्यातलं डीबग इन्फो बंद करा, वेळ आणि डिस्क दोन्ही बरेच वाचतात. उबुंटूचा कॉन्फिग घेतलात तर 'नो रूल टू मेक टार्गेट' आणि पुढे कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम असा एरर येईल, ते सर्टिफिकेट तुमच्याकडे नाही म्हणून, सिस्टिम_ट्रस्टेड_कीज हा ऑप्शन रिकामा करा, त्याच्या खालोखाल सिस्टिम_रिव्होकेशन_कीज असेल तर तेही.

लॉग वाचायची सवयही लावून घ्या. सगळ्यात खाली दिसणारं 'मेक: *** एरर २' हे काहीच सांगत नाही, ते फक्त वरचं काहीतरी फुटलं एवढंच वरच्या मेकला कळवतं. जे फ्लॅग लावलेला असताना एक फाइल फुटली तरी आधी सुरू झालेल्या बाकीच्या संपेपर्यंत चालत राहतात, त्यामुळे खरा एरर शंभर-दोनशे ओळी वर गेलेला असतो. लॉग फाइलमध्ये घ्या आणि 'एरर कोलन' असा पहिला कुठे येतो ते शोधा. पहिलाच बघा, त्याखालचे दहा बऱ्याचदा त्याचीच पिल्लं असतात. उलट एकदम सगळे एरर गोळा करायचे असतील तर मेकला के फ्लॅग द्या, एक फुटलं तरी तो बाकीचं करत राहतो.

वॉर्निंगबद्दल. २०२१ मध्ये ५.१५ च्या वेळी लिनक्सच्या लिनस टॉरवाल्ड्सने वेरर डीफॉल्ट चालू केलं, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग म्हणजे एरर, त्यावर बराच गदारोळ झाला आणि ते डीफॉल्ट कंपाइल_टेस्टला बांधलं गेलं. त्यामुळे ऑलमॉडकॉन्फिगमध्ये एक न वापरलेलं स्टॅटिक फंक्शनसुद्धा बिल्ड थांबवतं. तुमच्या कोडमधली वॉर्निंग असेल तर ती दुरुस्तच करायची, वेरर बंद करून नाही. पण दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरमध्ये तुमच्या नव्याकोऱ्या कंपायलरमुळे वॉर्निंग येत असेल तर तेवढ्यापुरतं तुमच्या मशीनवर वेरर बंद करण्यात काही वावगं नाही. जुना स्टेबल कर्नल जीसीसी १५ ने बिल्ड करायला जाल तर बूलवरून एरर येतात, कारण त्या जीसीसीचं डीफॉल्ट सी२३ झालंय आणि तिथे बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड आहेत, आणि कर्नलच्या बूट कोडच्या काही भागांना स्टँडर्ड कुठलं ते सांगितलेलंच नव्हतं. तो तुमचा दोष नाही, त्या शाखेची नवी आवृत्ती घ्या किंवा जुना कंपायलर वापरा.

हे सगळं एवढं का मनावर घ्यायचं तेही लिहितो, कारण 'रोबोट आहे, पाठवतो मेल' असं म्हणणारी बरीच चांगली माणसं मी बघितलीत. लिनक्स-नेक्स्ट म्हणून ट्री आहे, २००८ पासून, त्यात जवळपास रोज सगळ्या मेंटेनरांच्या (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे लोक) ट्री एकत्र करून बिल्ड केल्या जातात, स्टीफन रॉथवेल यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. एखादी ट्री मिसळल्यावर बिल्ड फुटला की त्या दिवशी त्या ट्रीची आदल्या दिवशीची आवृत्ती घेतली जायची. म्हणजे तुमच्या एका न लिहिलेल्या हेडरमुळे त्या मेंटेनरचं त्या दिवशीचं आख्खं काम टेस्टिंगच्या बाहेर राहतं, त्यात इतर वीस जणांचे पॅच असतात. आणि दुसरं म्हणजे बायसेक्ट, म्हणजे कमिटची यादी अर्धी-अर्धी करत बग आणणारी कमिट शोधणं. सहा महिन्यांनी कुणी तरी अगदी वेगळाच बग शोधताना गिट बायसेक्ट नेमका तुमच्या फुटलेल्या कमिटवर येऊन थांबतो, त्या माणसाला तो स्किप करावा लागतो, स्क्रिप्ट असेल तर एक्झिट कोड १२५ द्यावा लागतो, आणि अशी फुटकी कमिट सलग चार-पाच आली की शेवटी उत्तर 'यांच्यापैकी कुठलं तरी एक' असं मिळतं.

म्हणून सिरीज, म्हणजे एकामागून एक लावायचे अनेक पॅच, असेल तर फक्त शेवटचा पॅच बिल्ड होऊन चालत नाही, प्रत्येक टप्प्यावर ट्री बिल्ड झाली पाहिजे. पॅच २ मध्ये फंक्शन वापरलं आणि पॅच ३ मध्ये ते लिहिलं असं बघता बघता होतं, विशेषतः रिव्ह्यूनंतर पॅच मागे-पुढे केल्यावर. गिट रीबेसला एक्स फ्लॅग देऊन पुढे मेकची कमांड लिहा, तो एकेक कमिट लावून बिल्ड करतो आणि जिथे फुटलं तिथे थांबतो, तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे चालू. पाठवायच्या आधी एवढं मी कधीच चुकवत नाही.

रोबोटच्या मेलबद्दल थोडं. त्यात कॉन्फिग, कंपायलरची आवृत्ती आणि तसंच्या तसं रीप्रोड्यूस करायच्या कमांड दिलेल्या असतात, त्या वापरा, आपल्या अंदाजाने दुसरा कॉन्फिग करून 'मला तर येत नाही' असं उत्तर देऊ नका. आधी तुमच्या पॅचच्या आधीच्या कमिटवर तोच कॉन्फिग चालवा, तिथेही तोच एरर असेल तर तो तुमचा नाही आणि तसं शांतपणे लिहून कळवा. कधी कधी रोबोट पॅच भलत्याच ट्रीवर लावतो आणि मग जे फंक्शन त्या ट्रीत आलेलंच नाही त्याचा एरर देतो, ते टाळायला गिट फॉरमॅट-पॅचला बेस=ऑटो द्या, पॅचच्या खाली बेस कमिट लिहिला जातो आणि रोबोटला कळतं कुठे लावायचं.

तुमच्या व्ही२ मध्ये, म्हणजे पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत, मग असं करा. बिटफील्ड डॉट एच आणि मॅथ६४ डॉट एच या दोन हेडर इतर लिनक्स हेडरमध्ये अक्षरक्रमाने घाला, भागाकाराच्या जागी डिव्ह_यू६४, केकॉन्फिगमध्ये एचडब्ल्यूमॉनची ती ओळ. कंपाइल_टेस्टची भर एचडब्ल्यूमॉनच्या पॅचमधून काढून वेगळा पॅच करा आणि तो सिरीजमध्ये शेवटी ठेवा, म्हणजे तो येईपर्यंत बाकीचा कोड सगळीकडे कंपाइल होण्याजोगा झालेला असेल, आणि मेंटेनरला तो नको असेल तर तेवढाच सोडता येईल. रोबोटचा रिपोर्टेड-बाय टॅग (बग कुणी कळवला ते सांगणारी ओळ) या व्ही२ ला लावू नका, तो टॅग आधीच मर्ज झालेल्या कमिटची दुरुस्ती वेगळ्या पॅचने करताना लावायचा असतो, हे रोबोटच्या मेलमध्येही लिहिलेलं असतं. त्याऐवजी तीन डॅशच्या खाली, जिथलं कमिट मेसेजमध्ये जात नाही, तिथे व्ही१ पासून काय बदललं ते लिहा आणि कुठल्या कुठल्या आर्किटेक्चरवर, कुठल्या वाय-एम जोड्यांनी बिल्ड करून बघितलं तेही लिहा, मी मेंटेनरच्या जागी असतो तर पॅच उघडल्यावर सगळ्यात आधी तेच वाचलं असतं. आय३८६ चा बिल्ड डिव्ह_यू६४ नंतरही फुटला तर पहिल्या एररच्या वरच्या-खालच्या वीस ओळी आणि तुमची ती छोटी कॉन्फिगची फाइल इथे टाका, बघून सांगतो.